तिरक्या कव्हरला ९.८ कसे? कॉमिकची प्रतवारी करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
कॉमिक पुस्तकांची प्रतवारी करून ती प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये बंद करणाऱ्या सर्व कंपन्यांचे परीक्षक आणि व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

मुद्द्याचं आधी लिहितो. तुमची मोजपट्टी अर्ध्यापासून दहापर्यंत जाते. पुस्तक हाताळताना झालेली इजा आणि ते छापताना, बांधताना राहिलेला दोष, दोन्ही तुम्ही त्या एकाच आकड्यात कोंबता. त्यातही इजेला कडक मोजता आणि बांधणीच्या दोषाला हात सैल सोडता. मग ९.८ चा आकडा मिरवणारी प्रत कपाटात लावली की डोळ्याला खुपते, आणि शेजारची ९.२ ची प्रत बघत राहावीशी वाटते. माझी मागणी एवढीच, की हे दोन हिशेब वेगळे मांडा आणि छपाई-बांधणीचा हिशेब लेबलवर छापा.

पत्र मराठीत लिहितोय, कारण तुमचे स्लॅब विकत घेणारे आता पुण्या-ठाण्यातही आहेत आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमध्येही. पैसे त्यांचेही जातात, तेव्हा हे त्यांनीही वाचावं. तुमच्यापर्यंत मजकूर पोचवायची व्यवस्था आम्ही करू.

दोष कुठे शिरतो ते तुम्हाला ठाऊक आहे, पण नव्या संग्राहकांसाठी सांगतो. माझा पोटापाण्याचा धंदा छपाईचा, त्यामुळे हे सांगायला मला कुणाला विचारावं लागत नाही. जुन्या अमेरिकन कॉमिकची आतली पानं न्यूजप्रिंटवर, रोटरी यंत्रावर छापली जात. कव्हर गुळगुळीत कागदावर वेगळं छापून येई. पानांच्या घड्या एकात एक घालायच्या, वरून कव्हर पांघरायचं, घडीवर दोन पिना मारायच्या (आपल्याकडच्या बाइंडिंगवाल्यांची सेंटर पिन) आणि मग वर, खाली आणि उघडत्या बाजूला अशी तिन्हीकडून कटिंग करायची. कव्हर घडीवर बरोबर मध्यात बसलं नाही, दोन मिलिमीटर जरी पुढेमागे झालं, की मागच्या कव्हरची पांढरी पट्टी पुढून डोकावते किंवा पुढचं चित्र कण्यावरून (घडीच्या कडेवरून) वळून पाठीमागे जातं. संग्राहक याला मिसरॅप म्हणतात. कव्हर सरळ सरकलेलं असेल तर एक वेळ नजरेआड करता येतं. तिरकं बसलं की वरच्या टोकाला काहीच नाही आणि खालच्या टोकाला तीन मिलिमीटर, अशी पांढरी पाचर तयार होते. कटिंगच्या पात्याची धार गेलेली असली तर कागद कापला जाण्याऐवजी कडेने तुटतो. चार रंगांच्या चार प्लेटा एकमेकींवर नेमक्या बसल्या नाहीत, म्हणजे रजिस्टर आउट झालं, की ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरतो.

हे सगळं तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. इलिनॉय राज्यातल्या स्पार्टा गावी वर्ल्ड कलर प्रेसचा कारखाना होता. कित्येक दशकं अमेरिकेतली बरीचशी कॉमिक तिथून छापून, बांधून बाहेर पडली. १९३८ मध्ये सुपरमॅन पहिल्यांदा आला तो ॲक्शन कॉमिक्सचा पहिला अंक १० सेंटला मिळायचा. १९६२ मध्ये स्पायडरमॅन पहिल्यांदा आला तो अमेझिंग फँटसीचा १५वा अंक १२ सेंटला होता, आणि वुल्व्हरिनचं पहिलं पूर्ण दर्शन घडवणारा हल्कचा १८१वा अंक १९७४ मध्ये २५ सेंटला. एवढ्या किमतीच्या मालासाठी कोणी मिलिमीटर मोजत बसत नाही. पोरांनी वाचायचं, एकमेकांना द्यायचं, शेवटी आईने रद्दीत घालायचं. कारखान्यातल्या कामगाराला मी कणभरही दोष देत नाही. दिवाळी अंकांच्या घाईत आमच्याकडेही तिरकी कव्हरं बाहेर पडतात आणि ती कोणी परत आणून देत नाही.

फरक एवढाच की २०१४ मध्ये ॲक्शन कॉमिक्सच्या त्याच पहिल्या अंकाची ९.० दर्जाची प्रत ३२ लाख डॉलरच्या वर गेली, आणि २०२१ मध्ये अमेझिंग फँटसीच्या १५व्या अंकाची ९.६ दर्जाची प्रत ३६ लाख डॉलरला. ९.६ आणि ९.८ यांच्यातल्या दोन दशांशांसाठी किंमत कधीकधी कित्येक पट चढते. दशांशाला एवढा भाव आला की त्या दशांशात काय काय मोजलंय हे विचारायचा हक्क गिऱ्हाइकाला मिळतो.

माझ्या टेबलावर सत्तरच्या दशकाच्या मध्यातल्या एकाच मार्व्हल अंकाच्या दोन प्रती आहेत. दोन्ही स्लॅबमधल्या. कुठल्या कंपनीच्या ते सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. पहिली ९.८. कण्यावर एकही बारीक चीर नाही, चारही कोपरे सुईसारखे, रंगाला अजून ओली चमक. पण कव्हर तिरकं बसलंय. कण्याच्या खालच्या टोकाला पांढरी पाचर आहे, आणि वर ‘मार्व्हल कॉमिक्स ग्रुप’ असं लिहिलेली जी आडवी पट्टी त्या काळच्या प्रत्येक अंकावर असायची, ती डावीकडून उजवीकडे जाताना दोनेक मिलिमीटरने बारीक होत जाते. चित्रातल्या इमारती पुस्तकाच्या कडेला समांतर नाहीत. एकदा हे दिसलं की दुसरं काही दिसत नाही. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलं की इस्त्री कितीही कडक असो, बघणाऱ्याची नजर तिथेच अडकते, तसं. दुसरी प्रत ९.२. कण्यावर रंग फुटलेल्या दोन बारीक रेषा, खालचा उजवा कोपरा किंचित बोथट. आणि कव्हर? काटकोनात. कण्याच्या कडेवर चित्र जिथे संपायला हवं तिथेच संपतं. घरी येणाऱ्या जाणत्या-अजाणत्या कुणालाही दोन्ही दाखवा आणि यातली चांगली कुठली विचारा. बोट ९.२ कडे जातं. बाजारात मात्र ९.८ च्या किमतीत तशा ९.२ च्या कितीतरी प्रती येतील.

आता तुमच्याच व्याख्या बघू. तुमच्यापैकीच एक कंपनी सीजीसी, तिच्या जाहीर मोजपट्टीत १०.० म्हणजे निर्मितीचा किंवा हाताळणीचा कसलाही दोष नसलेली प्रत. ९.९ मध्ये निर्मितीचा एखादा अगदी किरकोळ दोष चालतो. ९.८ मध्ये हाताळणीचे किंवा निर्मितीचे दोष नगण्य असायला हवेत. म्हणजे निर्मितीचा दोष तुमच्या लेखी दोषच आहे, हे तुम्हीच लिहून ठेवलंय. प्रश्न आहे तो ‘नगण्य’ कशाला म्हणायचं याचा. तीन मिलिमीटरची पाचर नगण्य आणि कण्यावरच्या दोन केसाएवढ्या रेषा मात्र गणनीय, हे गणित मला उलगडत नाही. ९.९ आणि १०.० मधला फरक तुम्ही बांधणीच्या बारीकशा चुकीवर ठरवता. म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर डोळ्यात तेल घालून बघता, आणि एक पायरी खाली उतरताच तेच डोळे मिटून घेता.

यावर नेहमी मिळणारं उत्तर मला पाठ आहे: हा जन्मजात दोष, मालकाने केलेला नाही, त्याची शिक्षा मालकाला कशाला? ऐकायला न्याय्य वाटतं. पण मग वर्गणीदारांना टपालाने जे अंक जायचे ते मध्ये दुमडून पाठवत, त्यांचं काय? ती उभी घडी वर्गणीदार पोराने घातलेली नव्हती. तरी तुम्ही तिचे गुण बरोबर कापता, आणि कापायलाच हवेत. कारण प्रत आज कशी आहे हे तुम्ही सांगता. ती कोणामुळे तशी झाली याचा निवाडा तुमच्याकडे कोणी मागितलेला नाही.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. बांधताना चुकून एकाऐवजी दोन कव्हरं लागली, तर तोही कारखान्याचाच गोंधळ. पण दुहेरी कव्हर असलेली प्रत आली की तुम्ही ते लेबलवर ठळक नोंदवता, आणि बाहेरच्या कव्हरने जपलेल्या आतल्या कव्हरवरून दर्जा ठरवता. असं पुस्तक दुर्मीळ म्हणून जास्त भावाने जातं. त्याला माझा विरोध नाही, मजाच वाटते. पण यातून एक दिसतं: बांधणीतल्या चुकीने किंमत वाढणार असेल तर तिला लेबलवर जागा आहे, घटणार असेल तर नाही. हे विकणाऱ्याच्या सोयीचं झालं. घेणाऱ्यानेही तुमच्यावर विश्वास टाकलेला असतो.

सगळ्याच दोषांना एका मापाने मोजा असं मी म्हणत नाही. पन्नासच्या दशकाच्या अखेरच्या आणि साठच्या सुरुवातीच्या मार्व्हल अंकांवर उजव्या कडेला बारीक बारीक कपच्या उडालेल्या असतात. बोथट पात्याचा तो प्रताप, आणि संग्राहकांत त्याला ‘मार्व्हल चिपिंग’ असंच नाव पडलंय. अमेझिंग फँटसीचा १५वा अंक तर त्यासाठी बदनामच आहे. जो दोष एका काळातल्या ढीगभर प्रतींना लागलेला आहे त्यासाठी एकीलाच फासावर चढवणं बरोबर नाही. एका अंकाची तुलना त्याच्याच भावंडांशी व्हायला हवी, हे मला मान्य आहे. पण इथेही एक गुंता आहे, आणि त्याबद्दल तुम्ही फारसं बोलत नाही. बोथट पात्याने पुष्कळदा कागद अर्धवटच कापला जायचा. कपची कडेला लटकत राहायची आणि नंतर कधीतरी, वाचताना, पिशवीत घालताना, गळून पडायची. ती कपची कोणाच्या खात्यावर मांडायची, कारखान्याच्या की वाचकाच्या? तुमच्या परीक्षकाला भिंग घेऊनही हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. म्हणून तर म्हणतो, कोणाचा दोष हे ठरवत बसण्यापेक्षा काय दिसतंय ते लिहा.

काय खुपतं आणि काय नाही, याबद्दल माझी मतं ठाम आहेत. तिरकं कव्हर सगळ्यात वाईट. त्याखालोखाल रजिस्टर आउट, पण तेही चेहऱ्यावर असेल तरच. स्पायडरमॅनच्या जाळीची रेघ थोडी हलली तर उलट जुन्या छपाईची गंमत येते, डोळ्यांभोवतीची रेघ हलली की मात्र तो तिरळा झाल्यासारखा दिसतो. पिना मध्यापासून जरा वरखाली असतील तर मला झोप लागते. शाईचा एखादा पुसट डाग, कागदाची हलकी लाट, ह्यांनी माझं काही बिघडत नाही. दुसऱ्या कुणाची यादी वेगळी असेल. कुणाला पिन तिरकी बघवत नाही, कुणाला कव्हरच्या कडेबाहेर डोकावणारी आतली पानं. रुची ज्याची त्याची. ती ठरवायला लागणारी माहिती मात्र सगळ्यांना सारखी मिळायला हवी.

आणि ही माहिती स्लॅबच्या बाबतीत जास्तच महत्त्वाची आहे. पानं किती पांढरी आहेत हे तुम्ही प्रत्येक लेबलवर छापता: पांढरी, किंचित पिवळट, मलईच्या रंगाची. स्लॅब उघडल्याशिवाय ती पानं कुणाला दिसणार नाहीत. दिसतं ते फक्त कव्हर, पुढून आणि मागून. म्हणजे जे बघता येत नाही त्याची हमी लेबलवर, आणि जे चोवीस तास समोर आहे त्याबद्दल चकार शब्द नाही. फोटोवरून ओळखा म्हणाल, तर विक्रेत्यांचे फोटो बघा एकदा. कॅमेरा जरा कलता धरला की तिरकं कव्हर सरळ होतं. इथे बसून सातासमुद्रापलीकडचा स्लॅब मागवणाऱ्याला जकात, टपालखर्च भरून माल हातात पडल्यावरच पाचर दिसते.

१९७७ मध्ये चक रोझान्स्की यांनी कोलोरॅडोत एडगर चर्च यांचा संग्रह विकत घेतला, तोच पुढे ‘माइल हाय’ नावाने गाजला. चाळीसच्या दशकातली हजारो पुस्तकं, एकावर एक रचून ठेवलेली, कोऱ्यासारखी. जपणूक म्हणजे काय याचा तो नमुना मानला जातो. पण कव्हर छापखान्यातून तिरकं निघालं असेल, तर पन्नास वर्षं अंधाऱ्या कोरड्या खोलीत ठेवूनही ते सरळ होत नाही. जपणूक आणि जन्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चांगल्या प्रतीला दोन्ही लागतात.

शेजारच्या धंद्यांत हे केव्हाच मान्य झालंय. बेसबॉल कार्डांची प्रतवारी करणारी पीएसए ही कंपनी चित्र मध्यात नसेल तर आकड्यापुढे ‘ओसी’ अशी खूण करते, छपाईत दोष असेल तर ‘पीडी’. बेकेट कंपनीच्या कार्डांवर सेंटरिंग (चित्र किती मध्यात आहे), कोपरे, कडा आणि पृष्ठभाग असे चार वेगळे गुण मिळायची सोय आहे. आणि सीजीसी ज्या समूहातली, त्याच समूहाने २०२० मध्ये कार्डांची प्रतवारी सुरू केली तेव्हा तिथेही सेंटरिंगचा वेगळा गुण मिळायची सोय होती. तळहाताएवढ्या पुठ्ठ्यासाठी जे जमलं ते कॉमिकसाठी का जमू नये? कार्ड मोजायला सोपं आणि कॉमिक अवघड, असंही नाही. कण्याच्या वरच्या टोकाला किती मिलिमीटर, खालच्या टोकाला किती, हे मोजायला फूटपट्टी पुरते.

एक धोका मलाही दिसतो. मिसरॅपची नोंद व्हायला लागली की तो ‘दुरुस्त’ करणाऱ्यांचं फावेल. आजही काही जण दाबकाम (उष्णता आणि दाब देऊन सुरकुत्या काढणं) करताना कण्याची घडी हलवून पांढरी पट्टी मागे ढकलतात. दाबकामात कव्हर आकसून आतली पानं उजव्या कडेला बाहेर आलेले अंकही आपण सगळ्यांनी बघितलेत, आणि संग्राहकांनी त्यावर पोट धरून हसूनही घेतलंय. मूळ घडी हलवली की जुन्या घडीची पुसट रेघ राहते, पिनांची भोकं नव्या जागेशी जुळत नाहीत. हे ओळखणं तुमच्या परीक्षकांना अवघड नाही. अशी प्रत आली तर घडी हलवल्याचं स्पष्ट लिहा, आणि निळ्या लेबलवरून (दुरुस्ती न केलेल्या प्रतींच्या लेबलवरून) खाली उतरवा. आत्ता कोणी विचारत नाही म्हणूनच हे उद्योग चालतात. भीती आहे म्हणून नोंदच करायची नाही, हा उपाय नव्हे.

आपल्याकडचंही थोडं. १९६४ मध्ये टाइम्सच्या इंद्रजाल कॉमिक्सनी वेताळ (फँटम) आणला, मराठीतही. त्या अंकांचा बाजार अलीकडे चांगलाच तापलाय आणि ‘मिंट’ (म्हणजे कोरीकरकरीत) हा शब्द रुपयाला पासरी झालाय. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत पिना गंजून गेलेली, कव्हर पिनांपाशी तांबूस झालेली प्रत ‘मिंट’ म्हणून विकताना मी बघितली आहे. गंज हा साठवणुकीचा दोष. पण त्याच प्रतीचं कव्हर कारखान्यातून नीट आलंय की नाही याचा उल्लेख कुणी करत नाही, कारण अमेरिकेतल्या तुमच्या लेबलांवरून इथल्या विक्रेत्यांनी हाच धडा घेतलाय की तो उल्लेख करायचा नसतो. तुम्ही पायंडा पाडलात तर तो इथपर्यंत पोचेल.

मला हवंय ते फार नाही. ९.४ आणि त्यावरच्या प्रत्येक प्रतीच्या लेबलवर, जिथे पानांचा रंग छापता त्याच्या खाली, कव्हर कण्यावर किती सरकलंय ते वर आणि खाली मिलिमीटरमध्ये लिहा. रजिस्टर हललं असेल, कटिंग तिरकं असेल, पात्याच्या कपच्या असतील तर एकेका शब्दात नोंदवा. आकडा बदलू नका हवं तर; ९.८ ला ९.८ च राहू द्या. परीक्षकांच्या ज्या टिपा तुमच्याकडे असतातच, त्यातलाच हा मजकूर आहे, लेबलवर आणला की झालं. जुने स्लॅब फोडून पुन्हा आणा असं कोणी म्हणणार नाही, आणि तसं म्हणून तुम्ही त्याची फी लावू नये ही विनंती. ज्या जुन्या प्रतींचे फोटो तुमच्याकडे आहेत, त्यांच्या नोंदी निदान तुमच्या ऑनलाइन यादीत तरी भरता येतील. सुरुवात सत्तरच्या दशकातल्या मार्व्हल अंकांपासून करा. तिरकी कव्हरं तिथे खंडीभर सापडतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पुण्यातला एक संग्राहक आणि छपाईवाला